कारखान्यांच्या मागचा डोंगर

जयपूर म्हटलं की हवामहल, आमेर, लाखेच्या बांगड्या. सीकर रोडवरचं विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र कुठल्याच पर्यटकाच्या यादीत नसतं. इथे सगळे त्याला 'वीकेआय' म्हणतात आणि पत्ते रस्त्याच्या नंबरावर चालतात. पत्र्याच्या शेड, ट्रकांच्या रांगा, चहाच्या टपऱ्या. पण पूर्वेकडे मान वळवली, की या सगळ्यामागे अरवलीचे डोंगर उभे असतात. नाहरगड अभयारण्याचा हा भाग.

25 मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला आणि मशिनींचा आवाज थांबला. मी भाड्याच्या खोलीत, आई-बाबा नागपूरला. दिवसभर लॅपटॉपवर 'ताण कमी करण्याचे उपाय' लिहायचे आणि रात्री बाबांच्या खोकल्याच्या विचाराने जागं राहायचं. फोनवर बाबा "काही नाही गं, घसा बसलाय" एवढंच म्हणायचे.

जूनमध्ये निर्बंध सैल झाले, तेव्हा घरमालकीण आंटी म्हणाल्या, "चल, डोंगरावर जाऊ. खोलीत बसून वेडी होशील." साडेपाचला आम्ही निघालो.

पहिल्या दिवशी शांती वगैरे काही मिळाली नाही, खरं सांगते. धाप लागली. पण पायवाटेवर सुटे दगड इतके, की पुढचं पाऊल कुठे टाकायचं याशिवाय दुसरा विचार करताच येत नाही. तासाभराने लक्षात आलं, तेवढा वेळ आपण कुणाच्याच आजारपणाचा विचार केला नाही. मला तेवढं पुरेसं होतं.

आपल्या सह्याद्रीची सवय असेल, तर हा डोंगर आधी रुक्षच वाटतो. सगळीकडे धोक नावाचं झाड, आपल्या धावड्याचं भावंड. उन्हाळ्यात ते इतकं वाळकं दिसतं, की मेलंय असंच वाटावं. मी तसं म्हटल्यावर शेळ्या घेऊन निघालेले एक बाबा हसले. "मेला नाही बाईसा, पावसाची वाट बघतोय." जुलैमध्ये दोन-तीन चांगल्या सरी झाल्या आणि तो तपकिरी उतार खरोखर हिरवा झाला. मोर ओरडू लागले. हाथनी कुंडाकडे पाणी वाहू लागलं.

सवाई जयसिंहांनी 1734 मध्ये बांधलेला नाहरगड याच रांगेवर आहे. तटबंदीपेक्षा मला तिथली पाण्याची सोय जास्त आवडली. डोंगरावर पडणारा पाऊस चरांमधून किल्ल्यातल्या बावडीत आणलाय. 'रंग दे बसंती'मध्ये दिसते तीच बावडी.

तुम्हाला जायचं असेल तर एकटं जाऊ नका. या जंगलात बिबटे आहेत, त्यामुळे अंधाराच्या आत खाली या. आत जाण्याआधी वनखात्याच्या माणसांना विचारून घ्या, पाणी भरपूर ठेवा. ऊन आठलाच चटके देऊ लागतं.

माथ्यावर फोनला छान रेंज येते. दर रविवारी मी तिथूनच नागपूरला फोन लावायचे. ऑगस्टमधल्या एका रविवारी मागे मोर केकाटला आणि पलीकडे बाबा, मोठ्या आणि मोकळ्या आवाजात, आईला हाक मारत होते, "अगं, ऐक, ऐक! पोरगी राहते तरी कुठे?"