तव्याचा काळा, बंदुकीचा राखाडी

स्वयंपाकघरातला जुना लोखंडी तवा कधी उचलून बघितलाय? काळाकुळीत असतो, पण तो मळ नव्हे हं! तेल आणि आच यांनी वर्षानुवर्षं बसलेला तो थर असतो, म्हणून तवा गंजत नाही. घासून लख्ख केलात, तर दोन दिवसांत तांबूस डाग पडतात आणि आजीची बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

हा तवा डोक्यात ठेवा आणि चला माझ्याबरोबर अमेरिकेत. बोस्टनच्या पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, कनेक्टिकट नदीकाठी स्प्रिंगफील्ड नावाचं शहर आहे. (बास्केटबॉलचा जन्म इथलाच, १८९१ सालचा.) इथल्या टेकडीवर १७९४ पासून १९६८ पर्यंत सरकारी बंदुकांचा कारखाना होता. आता त्या आवारात कॉलेज भरतं आणि जुन्या शस्त्रागारात संग्रहालय आहे.

आत एक भलीमोठी मांडणी दिसेल. १८६१ च्या नमुन्याच्या सहाशेंवर बंदुका, उभ्या रांगांत! १८४३ साली कवी लाँगफेलो नव्या नवरीला घेऊन हा कारखाना बघायला आला होता. अशाच रांगा पाहून तिला चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या आठवल्या. लाँगफेलोनं पुढे त्यावर कविता लिहिली, तीही युद्धाविरुद्ध.

आता जरा त्या नळ्यांचा रंग बघा. चांदीसारखा पांढरा. म्हणजे खरं तर रंगच नाही, नुसतं घासलेलं उघडं लोखंड. परेडला फार रुबाबदार, पण एका पावसात गंज चढणार. सैनिक बिचारे घासून घासून दमायचे. शिवाय उन्हात चमकून शत्रूला लांबून दिसायचं ते निराळंच!

म्हणून १८७३ च्या बंदुकीची नळी निळसर काळी. ही युक्ती मोठी गमतीची आहे. आधी लोखंडावर मुद्दाम बारीक गंज आणायचा, तो उकळत्या पाण्यात काळा करून घ्यायचा, वरची भुकटी घासून काढायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. असं पाच-सहा वेळा केलं, की काळा पातळ थर घट्ट बसतो. गंजानंच गंजाला अडवायचं!

पण लढाईच्या घाईत एवढा वेळ कुणाला? पहिलं महायुद्ध संपत आलं, तेव्हा १९१८ च्या सुमारास इथे नवी रीत आली, पार्करायझिंग. फॉस्फेटच्या गरम द्रावणात सुटे भाग बुडवायचे. पृष्ठभागावर बारीक स्फटिकांची साय धरते. रंग राखाडी, हाताला किंचित खरखरीत, चमक अजिबात नाही. त्या स्फटिकांत तेल मुरून बसतं, अगदी आपल्या तव्यासारखं. जॉन गॅरंड यांची १९३६ साली सैन्यानं स्वीकारलेली ‘एम-वन’ रायफल अशीच राखाडी. एकूण ५४ लाखांच्या आसपास झाल्या त्या!

युद्धानंतर त्या दुरुस्तीला आल्या, तेव्हा एकीचे भाग दुसरीला बसले. त्यामुळे एकाच बंदुकीत कुठे फिकट राखाडी दिसतो, कुठे काळपट, तर कुठे हिरवट झाक. जाणकार माणसं या छटांवरून कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतरचा याचा अंदाज बांधतात. हौसेनं कुणी सगळं पॉलिश करून एकसारखं रंगवलं, की ही सगळी माहिती पुसली जाते. मला हे फार लागतं, कारण लहानपणी आजोबांचा अडकित्ता पॉलिश पेपरनं मीच चकचकीत केला होता. त्यावर कारागिराची दोन अक्षरं होती. आजोबा रागावले नाहीत, नुसते बोटानं ती जागा चाचपत बसले.

तर त्या कपाटासमोर उभे राहिलात, की नव्याकोऱ्या दिसणाऱ्या रायफलीत अडकू नका. झिजलेली शोधा. वारंवार हात लागायचा तिथला राखाडी उडून खालचं पोलाद उघडं पडलेलं असतं. तिथे रोज ज्याची बोटं लागायची, तो कदाचित तुमच्या मोठ्या दादाच्या वयाचा असेल.