चार लाल बाटल्या

१९९० सालची दिवाळी आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत काढली. मी तेरा वर्षांची. सहामाही परीक्षा संपवून अण्णांबरोबर मिरजेहून आले होते. दादा परळला, टाटा हॉस्पिटलात दाखल. सतरा वर्षांचा. डावा पाय गुडघ्याच्या वर कापून दीड महिना झाला होता आणि केमो सुरू झाली होती.

त्या उन्हाळ्यात खो-खो खेळताना गुडघा दुखावला, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. तेल चोळलं, शेकलं, मुरगळा काढणाऱ्याकडे नेलं. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी तीन महिने दुखण्याच्या गोळ्या दिल्या. गुडघ्याच्या वर लिंबाएवढी गाठ हाताला लागायला लागली, तेव्हा कुठे फोटो काढला. फोटो बघून दुसऱ्या डॉक्टरांनी अण्णांना बाहेर बोलावलं आणि परळचं नाव सांगितलं. हाडाचा कॅन्सर असतो हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

धर्मशाळेत माणसं एकमेकांना गावावरून नाहीतर जिल्ह्यावरून हाक मारत. नांदेड, जळगाव, रत्नागिरी. अण्णा झाले मिरजकर. आणि एक होत्या बुलढाण्याच्या मावशी. त्यांचा मुलगा दादाच्याच वयाचा, आजारही तोच. मावशी पहाटे चारला उठून आंघोळ करत, ओलं लुगडं व्हरांड्यात पिळून टाकत आणि डबा घेऊन परळला चालत जात. बसचे पैसे वाचवायला. माझ्या केसांना तेल लावून दोन वेण्या घालून देत, कारण आई मिरजेला धाकट्याजवळ राहिली होती आणि अण्णांना वेण्या येत नव्हत्या.

त्या वेळी केमोचं औषध आपणच दुकानातून आणून वॉर्डात द्यायचं. काचेची छोटी बाटली, वर रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी आणि आत विटकरी लाल रंगाची पूड. अॅड्रियामायसिन. धर्मशाळेत सगळे त्याला लाल औषधच म्हणत. ते चढवल्यावर दादाला पहिल्यांदा लाल लघवी झाली तेव्हा तो रक्त समजून ओरडला होता. सिस्टरनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून सांगितलं, रक्त नाही रे, औषधाचा रंग आहे. अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आईच्या पाटल्या ऑपरेशनच्या वेळीच गेल्या होत्या. केमोच्या पुढच्या सायकलींचं औषध कुठून आणायचं याचा हिशोब अण्णा रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडत आणि पान फाडून टाकत.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मावशी परळहून भर सकाळी परत आल्या. डबा तसाच भरलेला. कुणी काही विचारलं नाही. त्यांचे भाऊ गाडी करून निघाले होते. मावशींनी पिशवी उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून ठेवायला लागल्या. ताट, पेला, टॉवेल, मुलाचा कंगवा. तो कंगवा त्यांनी परत आत ठेवला. मग तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार खोके काढले आणि अण्णांसमोर धरले.

“घेऊन जा भाऊ. माह्या लेकाचं राह्यलं, तुमच्या लेकाले कामी येईन.”

अण्णांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हणाले, “ताई, याचे पैसे...”

“याचे पैसे नाई घेत मी.”

त्या चार बाटल्या म्हणजे दादाच्या दोन सायकलींचं औषध. अण्णांनी ते वॉर्डात नेलं, सिस्टरनं तारीख आणि नंबर तपासला, डॉक्टरांनी मान डोलावली. परतताना अण्णा मला एवढंच म्हणाले, दादाला हे सांगायचं नाही. मी नाही सांगितलं. मावशी दुपारी गेल्या. त्यांचं नाव, गाव, काहीच आम्ही लिहून घेतलं नव्हतं. बुलढाणा एवढंच.

दादा वाचला. हे दोन शब्दांत लिहिता येतं, पण ते व्हायला पाच वर्षं लागली. हा आजार हाडातून निघाला की फुप्फुसात जातो. म्हणून दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो. दादा खोकला की आमचं घर गप्प व्हायचं. आई भाकरी थापता थापता थांबायची आणि दुसरा खोकला येतोय का ते ऐकायची. मधे जयपूरला जाऊन त्यानं पाय बसवून घेतला, तोही फुकट मिळाला, आणि मिरजेत सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं.

मी लग्न होऊन २००१ मध्ये कॅनडात आले. टोरांटोच्या पूर्वेला, स्कारबरोला. २००८ च्या सप्टेंबरात माझी पाच वर्षांची मुलगी शाळेतून एक चिठ्ठी घेऊन आली. टेरीसाठी दोन डॉलरचं नाणं द्या. सोबत छातीवर लावायचा एक कागद : मी अमुकसाठी धावतेय. अमुकच्या जागी नाव लिहायचं. “टेरी कोण?” मी विचारलं. पोरीनं आपला उजवा पाय मुडपला आणि स्वयंपाकघरात लंगडी घालून दाखवली.

त्या रात्री मी टेरी फॉक्सबद्दल मिळेल ते सगळं वाचलं. जन्म १९५८, वाढला ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलमला. बास्केटबॉल खेळणारा मुलगा. १९७७ च्या मार्चमध्ये, अठराव्या वर्षी, उजव्या गुडघ्याला ऑस्टिओसार्कोमा निघाला. दादाला झालेलाच. पाय गुडघ्याच्या वर कापला. पुढे दीड वर्षाच्या आसपास केमो. वॉर्डात त्यानं आपल्यापेक्षा लहान मुलं जाताना पाहिली आणि बरं होऊन नुसतं घरी निघून जाणं त्याच्या मनाला पटेना. १२ एप्रिल १९८० ला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला त्यानं कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पश्चिमेकडे धावायला सुरुवात केली. रोज साधारण ४२ किलोमीटर. सोबत मित्र व्हॅन चालवत येई. मागणी एकच : प्रत्येक कॅनेडियन माणसानं संशोधनासाठी एक डॉलर द्यावा.

त्याच्या धावण्याची चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला खुर्चीत बसवेना. त्या काळचा कृत्रिम पाय पुढे यायला वेळ घ्यायचा. तेवढा वेळ भरून काढायला तो चांगल्या पायावर दोन उड्या घ्यायचा आणि मग कृत्रिम पाय टाकायचा. टप, टप, ठक. आमच्या वाड्याच्या अंगणातली लंगडी. दादा कुबड्या टाकून पहिल्यांदा स्वयंपाकघरापर्यंत गेला तो असाच, भिंतीला धरून.

पण मला हलवून सोडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. टेरीला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुला वाचायची संधी निम्मी आहे; दोनच वर्षांपूर्वी आला असतास तर शंभरात पंधरा म्हटलं असतं. मधल्या काळात बदललं होतं ते औषध. नुसता पाय कापून या आजारातले पाचातले चार रुग्ण पुढे फुप्फुसानं जात. सत्तरच्या दशकात दोन औषधांनी हे चित्र पालटलं, भरपूर मात्रेतलं मेथोट्रेक्सेट आणि अॅड्रियामायसिन. लाल औषध. मी ते नाव पडद्यावर वाचलं आणि मला एकदम मावशींच्या हातातले वर्तमानपत्रात गुंडाळलेले खोके दिसले. ते खोके परळच्या दुकानात यायच्या आधी कुठल्या कुठल्या देशांतल्या मुलांच्या अंगात ते औषध जाऊन आलं असेल, किती कमी, किती जास्त, कितीनं उलट्या, कितीनं हृदयाला धोका, हे त्यांच्या शरीरांवरून ठरलं असेल. त्यातली कितीतरी मुलं राहिली नसतील. दादाच्या शिरेत लाल रंग उतरला तो इतक्या घरांतून येऊन. माझ्या घराला आजवर एकाच बाईचं देणं माहीत होतं.

१ सप्टेंबर १९८० ला थंडर बेच्या अलीकडे टेरीला खोकला सुरू झाला आणि छातीत दुखायला लागलं. रस्त्याच्या कडेला लोक त्याला धीर देत उभे होते, म्हणून तो त्यांच्या पुढे जाईपर्यंत धावत राहिला आणि मग व्हॅनमध्ये चढून म्हणाला, मला दवाखान्यात न्या. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. कॅन्सर फुप्फुसात गेला होता. तो खोकला मी ओळखते. तो आमच्या घरात कधीच आला नाही, तरी ओळखते. २८ जून १९८१ ला टेरी गेला, तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर असताना. त्याआधी फेब्रुवारीतच २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलर जमले होते. देशाची लोकसंख्याही साधारण तेवढीच होती.

दरवर्षी त्याच्या नावानं धावायचं, ही कल्पना इझडोर शार्प यांची. फोर सीझन्स हॉटेलं उभी करणारे हे गृहस्थ. टेरी दवाखान्यात असतानाच त्यांनी त्याला तार करून शब्द दिला. शार्प यांचा स्वतःचा मुलगा १९७८ मध्ये कॅन्सरनं गेला होता, किशोरवयातच. हे वाचल्यावर मी पुन्हा दादरच्या व्हरांड्यात जाऊन पोचले. ज्याच्या घरातून पोर गेलं त्यानंच पुढच्याच्या पोरासाठी हात पुढे केला. एकानं हॉटेलांच्या पसाऱ्यातून, एकीनं पिशवीच्या तळातून.

पहिली दौड १३ सप्टेंबर १९८१ ला झाली, ७६० ठिकाणी, तीन लाख माणसं. आज जगभरातून जमलेली रक्कम ८५ कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. टेरीनं स्वतः आखून दिलेले नियम अजून पाळले जातात. शर्यत नाही, वेळ मोजायची नाही, कुणी पहिला-दुसरा नाही. आणि त्याच्या धावण्यातून कुठल्या कंपनीनं आपली जाहिरात करून घ्यायची नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. चांगल्या कामासाठीच्या दौडी मी इतरही पाहिल्या, त्यांचाही उपयोग होतोच. पण घड्याळ आलं की लंगडा माणूस घरी बसतो. आमच्या इथल्या बागेत दौडीच्या दिवशी केमोचा रुमाल डोक्याला बांधलेली बाई चालत असते, तिच्यामागे बाबागाडी, तिच्यामागे वॉकर घेतलेले आजोबा, आणि ते सगळे एकाच दौडीत असतात.

२००८ पासून मी एकही वर्ष चुकवलेलं नाही. मे महिन्यापासून पैसे मागायला लागते. महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींकडे, ऑफिसात, मुलीच्या शाळेबाहेर. मागायची मला आधी फार लाज वाटायची. आता वाटत नाही. आम्हाला न मागता मिळालं होतं. छातीवरच्या कागदावर मी दरवर्षी दादाचं नाव लिहायची. मावशींच्या मुलासाठी लिहावं असं प्रत्येक वेळी मनात यायचं, पण त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं आणि ‘बुलढाण्याचा मुलगा’ असं लिहायला हात धजत नव्हता.

२०१७ च्या सप्टेंबरात दादा पहिल्यांदा आमच्याकडे आला. आल्या आल्या माझ्या मुलीची सायकल उलटी करून चेन साफ केली. दौडीच्या रविवारी मी त्याला म्हटलं, तू बाकावर बस, मी एक फेरी मारून येते. तो म्हणाला, एक फेरी मीपण घेतो. टेबलावर कागद आणि मार्कर ठेवले होते. मी त्याला मजकूर मराठीत सांगितला : मी अमुकसाठी धावतोय. मला वाटलं टेरीचं नाव लिहील, नाहीतर अण्णांचं. अण्णा आदल्याच वर्षी गेले होते.

दादानं मार्करचं टोपण काढलं आणि न थांबता देवनागरीत एक नाव लिहिलं. नाव, आडनाव. मी वाचलं, मला ओळखीचं लागेना. मी त्याच्याकडे पाहिलं.

“शेजारच्या कॉटवर होता,” दादा म्हणाला. “बुलढाण्याचा.”

सत्तावीस वर्षांत तो वॉर्डातल्या कुणाबद्दल एक शब्द बोलला नव्हता.

“तुला बाटल्यांचं माहीत होतं?”

“सिस्टर नंबर वाचत होती तेव्हा खोक्यावर बघितलं. त्याच्या आईनं पेन्सिलीनं नाव लिहून ठेवलं होतं, वॉर्डात अदलाबदल होऊ नये म्हणून.” मग म्हणाला, “अण्णांना वाटत होतं मला माहीत नाही. वाटू दिलं.”

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते त्या मावशींचं आहे. दादानं कागदाची पाठ सोलली, शर्टावर डाव्या बाजूला चिकटवला, तळव्यानं दाबून नीट बसवला आणि मेपलच्या झाडांखालच्या डांबरी वाटेवर कृत्रिम पाय पुढे टाकला. ठक. मी त्याच्या चालीनं चालायला लागले.