खाडा

पुण्यात येण्यापूर्वी ‘खाडा’ हा शब्द मी ऐकला होता तो सालगड्यांच्या संदर्भात. गडी कामावर आला नाही तो दिवस म्हणजे खाडा, आणि वर्षाच्या हिशेबातून तो कापला जाई. १९९२ साली लातूर जिल्ह्यातून शिकण्यासाठी पुण्यास आलो आणि नारायण पेठेतल्या एका खानावळीत नाव घातले, तेव्हा भिंतीवरच्या फळ्यावर पहिलीच ओळ दिसली : ‘खाडा आदल्या दिवशी सांगावा.’ इथे न जेवलेल्या दिवसाला खाडा म्हणत होते. शब्द तोच, पण बाजू बदललेली. गावाकडे खाड्याने गड्याचे पैसे जात, इथे जेवणाऱ्याचे पैसे वाचत.

साहित्याच्या अभ्यासकांनी खानावळीकडे संहिता म्हणून फारसे पाहिलेले नाही. निस्सीम इझिकेल यांनी इराण्याच्या हॉटेलातील सूचनाफलकाची कविता केली, हा आपल्याकडचा एक सन्माननीय अपवाद. वास्तविक जुन्या उपाहारगृहात मौखिक आणि लिखित परंपरा शेजारी शेजारी नांदत. वेटर पदार्थांची यादी एका श्वासात म्हणून दाखवी आणि आपण उठून निघालो की मागून गल्ल्याच्या दिशेने ‘चष्मेवाले, बारा रुपये’ अशी ललकारी देई. या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटत आली आहे ती उधारीची वही.

आमच्या खानावळीच्या काकूंची वही लाल कापडी बांधणीची, उभ्या आकाराची होती. तिच्यात माझ्या नावाचे एक पान आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचे गाव औसा तालुक्यातले. घरची माणसे वाचली, घर वाचले नाही. पुढचे तीन महिने मनीऑर्डर आली नाही. मी जेवत राहिलो, आणि काकूंनी पैशांचा विषय काढला नाही. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून ती बाकी द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी वही उघडली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या तीन महिन्यांपुढे आकडा नव्हता. तिन्ही ओळींत एकच शब्द लिहिला होता : ‘भूकंप’. काकू भाबड्या होत्या असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. दिलेल्या नोटा त्यांनी दोनदा मोजून घेतल्या.

ही खानावळ आज त्यांचा मुलगा चालवतो, आणि तो ती फोनवर चालवतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, स्पर्धा परीक्षांची मुले गावी गेली आणि साठ पानांची पंगत एका आठवड्यात शून्यावर आली. उपाहारगृहांत बसून जेवण्याची परवानगी राज्यात ५ ऑक्टोबर २०२० पासून मिळाली. तोवर आसपासच्या एकट्या वृद्धांना डबे पोचवून त्याने चूल पेटती ठेवली, आणि त्या डब्यांची मागणी व्हॉट्सॲपवर येई. गल्ल्यावर यूपीआयचा चौकोन त्याने आधीच चिकटवला होता. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी जन्मलेली ही आकृती नारायण पेठेतल्या आमटीभातापर्यंत येईल असे तिच्या कर्त्यांना वाटले नसेल. २०२० च्या आरंभापासून या व्यवहारावर व्यापाऱ्याला शुल्क पडत नाही, म्हणून ती तिथे टिकली.

पुढे त्याने घरपोच जेवण देणाऱ्या एका ॲपवर नाव नोंदवले आणि थाळीचे वर्णन लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. तीन ओळींची मर्यादा होती. मी ‘सात्त्विक’, ‘घरगुती’, ‘अस्सल’ ही विशेषणे एकामागून एक लिहिली आणि खोडली. विद्यार्थ्यांच्या निबंधांत ज्यांच्याखाली मी लाल रेघ ओढतो, तीच होती ती. शेवटी ‘दोन भाज्या, आमटी, भात, तीन पोळ्या, कोशिंबीर’ एवढेच दिले. पहिल्या पंधरवड्यात एक तारा देऊन कोणीतरी अभिप्राय लिहिला, ‘आमटी गोड आहे.’ पुण्यात आमटीत गूळ असतो हे त्याला कोण सांगणार? पंगतीत हीच तक्रार झाली असती तर काकूंनी त्याच्या पानात तिखट ठेचा वाढला असता आणि वाद तिथेच मिटला असता. इथे तक्रारदाराचे पूर्ण नाव नव्हते, फोन क्रमांक नव्हता. आपल्याकडे कोण जेवले हे खानावळीला कळण्याची सोयच नव्हती. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली तेव्हा तिच्या तक्रारींत हीही एक होती. कमिशन, डबे आणि सवलती वजा जाता थाळीमागे हाती काय उरते याचा हिशेब मुलाने एकदा मला कागदावर मांडून दाखवला, आणि वर्षभरात तिथून नाव काढून घेतले.

खाड्याच्या बाबतीत मात्र फोनने जे केले त्याला तोड नाही. साठ सभासद, माणशी तीन पोळ्या, म्हणजे एकशेऐंशी पोळ्यांची कणीक मळायची. शनिवारी रात्री वीस मुले न सांगता सिनेमाला गेली की साठ पोळ्या उरत. रविवारी सकाळी त्यांची फोडणीची पोळी होई, तिला आम्ही ‘द्वितीयावृत्ती’ म्हणत असू. २०२२ च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर मत घेण्याची सोय आली, तेव्हापासून रोज दुपारी चारला गटात प्रश्न पडतो : ‘रात्री येणार? होय / खाडा.’ साडेपाचला मोजणी, सहाला कणीक. भाजी कोणती हेही तिथेच कळते, आणि कारल्याच्या दिवशी खाडे वाढतात. मुलाने कारले बंद केले नाही, त्या दिवशी बटाट्याची दुसरी भाजी ठेवू लागला. धंद्याची अशी समज कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतात, मला ठाऊक नाही.

त्यानंतर वहीची पाळी आली. मुलाने उधारीची सारी खाती एका ॲपमध्ये चढवली. दर महिन्याच्या पाच तारखेला, सकाळी नऊ वाजता, ज्याच्याकडे बाकी आहे त्याला आपोआप संदेश जाईल अशी त्यात सोय होती. ‘सर, मजकूर तेवढा तुम्ही लिहा, माझं मराठी तुम्हाला ठाऊकच आहे,’ तो म्हणाला. मी लिहिला : ‘सप्रेम नमस्कार. आपल्या खात्यावर पुढील रक्कम येणे बाकी आहे. कृपया ती आठ दिवसांत जमा करून सहकार्य करावे.’ ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासले. मजकूर नेमका आणि सभ्य झाला याचे मला समाधानही वाटले.

ऑक्टोबर २०२३ च्या पाच तारखेला तो गेला. त्या वर्षी मराठवाड्यात ऑगस्ट कोरडा गेला होता. जालन्याकडचा एक मुलगा दोन महिन्यांचे देणे लागत होता. सोयाबीनचे पैसे आले की देतो, असे त्याने काकूंना सांगितले होते आणि काकू ‘सावकाश दे’ म्हणाल्या होत्या. हे बोलणे पाण्याच्या पिंपाजवळ उभ्याउभ्या झालेले होते. ते ॲपमध्ये कोण चढवणार? सहा तारखेच्या दुपारी त्याने मतदानात ‘खाडा’वर बोट ठेवले. सातलाही तेच. सोळा तारखेपर्यंत रोज, चुकता, वेळेत. सतराला तो गटातून बाहेर पडला. त्याने खोली सोडल्याचे पुढे समजले.

काकूंनी तो संदेश मुलाच्या फोनवर वाचला. ‘कोणी लिहिलं रे हे?’ त्यांनी विचारले. मी समोरच बसलो होतो. मुलगा माझ्याकडे पाहायचे टाळत होता. मी लिहिला, असे सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन त्यांनी जुनी वही आणली आणि उधारीची खाती पुन्हा तिच्यात उतरवायला बसल्या. मला त्यांचे ते न बोलणे फार दिवस पुरले. १९९३ च्या त्या ऑक्टोबरात असा निर्दोष मराठीतला एक संदेश मला आला असता, तर मीही खाडा सांगितला असता. माझे शिक्षण कुठवर गेले असते, कोण जाणे.

डिसेंबरात एका सुटीच्या दुपारी तिथे जेवलो. पंगती उठल्या होत्या, मोरीत पातेली घासली जात होती. गल्ल्यावरची यूपीआयची पेटी एकाएकी तिच्या त्या ठसठशीत स्वरात म्हणाली, ‘नऊ हजार रुपये प्राप्त झाले.’ समोर माणूस कोणीच नव्हता. मुलाने फोन पाहून त्या मुलाचे नाव सांगितले. ॲपमध्ये दोन महिन्यांची बाकी आणि ऑक्टोबरचे पूर्ण मासिक मिळून जो आकडा दिसत होता, तो त्याने जसाच्या तसा भरला होता. सोबत एक अक्षर नाही.

काकूंनी चष्मा लावला, वहीतले त्याचे पान काढले आणि बाकीवर काट मारली. मग बोटे मोडत पुटपुटल्या, ‘ऑक्टोबरात पाचच दिवस जेवला तो.’ आणि त्याच्या नावाखाली नव्या ओळीत त्यांनी लिहिले : खाडे २६. देणे.