रिकॉल ऑल

१९९७ सालची गोष्ट. साताऱ्याहून येऊन मी सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघायचो. फॉक्सप्रोत बंद खाती काढताना 'डिलीट ऑल' लिहिलं, पुढची 'फॉर'ची अट विसरलो आणि एंटर मारलं. शेतकऱ्यांची सगळी नावं गायब! हातपाय गार पडले. शेठ सौद्याला गेले होते, एवढंच नशीब.

मॅन्युअल चाळल्यावर कळलं, डिलीट म्हटल्यावर फॉक्सप्रो काहीच पुसत नाही. नोंदीच्या सुरुवातीला फक्त एक तारका मारून ठेवतो. खरं पुसलं जातं ते 'पॅक' दिल्यावर. म्हणून आधी 'सेट डिलीटेड ऑफ', मग 'रिकॉल ऑल'. (पहिलं विसरलात तर दुसऱ्याने काही परत येत नाही बरं का. मी विसरलो होतो.)

नावं आली, पण जरा जास्तच आली. पूर्वी काढलेली खातीही उठून बसली. त्यात अण्णांचं होतं. आक्का, तुला आठवत असेल, आपली चार पोती याच दुकानात यायची. ते गेल्यावर बाकी शून्य करून मीच खातं काढलं होतं.

जुनी खाती एकेक करून पुन्हा डिलीट केली. अण्णांचंही. पॅक मात्र नोकरी सोडेपर्यंत दिलं नाही.