फिरणारं घर

जासई गावातल्या साठी ओलांडलेल्या बायकांशी तब्येतीच्या गोष्टी निघाल्या की चक्करेचं नाव येतंच. एकीला पहाटे कूस बदलली की घर फिरतं. दुसरीच्या डोळ्यांपुढे जेवून उठताना अंधारी येते. तिसरीचे पाय रस्त्यावर ठरत नाहीत. तिघींना घरून मिळणारं उत्तर मात्र एकच: पित्त असेल, लिंबूपाणी घे. या उत्तराची मला काळजी वाटते, कारण या तिघींची दुखणी एक नाहीत.

पहिलीचं मूळ कानात असण्याची शक्यता मोठी. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागल्याने ते जागेवरून सुटतात आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. मग मान जरा वळली तरी नळीतला द्रव ढवळतो. शरीर गरगरतंय असं कान मेंदूला कळवतो, आणि आढ्याचा पंखा बंद असूनही खोली फिरू लागते. एक मिनिटाच्या आत ती बहुधा थांबते, पण तेवढ्यात माणूस हादरून जातं. यावर जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेली रीत आजही वापरतात. रुग्णाला झोपवून डोकं ठरावीक क्रमाने वळवायचं, म्हणजे कण नळीतून परत बाहेर येतात. पुष्कळांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. एवढं साधं असताना बायका महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या घेत राहतात, हे मला फार लागतं. त्यातल्या काही गोळ्यांनी मेंदूची सावरायची शक्तीच मंदावते.

दुसरीचा प्रश्न रक्तदाबाचा असू शकतो. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे ओढलं जातं, रक्तवाहिन्या आकसून ते वर राखतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, रक्तदाबाची गोळी जास्त झाली किंवा मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्या की हे जमत नाही. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजला, आणि वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, की कारण सापडतं. रक्त कमी असलेल्या बाईलाही अशी अंधारी येते, म्हणून हिमोग्लोबिनही पाहावं.

तिसरीपाशी मी जास्त रेंगाळते. तोल तिघं मिळून राखतात: कान, डोळे आणि तळपाय. मधुमेहाने तळपाय बधिर होतात, मोतीबिंदूने डोळे मंदावतात, आणि सगळा भार कानावर येतो. या बायकांचं तरुणपण मात्र वेगळं होतं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली या भागात शेतकरी जमिनीसाठी उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. तेव्हा ज्या विशीत होत्या, त्या आज साठीपार आहेत. भाताच्या निसरड्या बांधावरून डोक्यावर रोपांचे भारे घेऊन त्या चालत. उंचसखल जमीन, वळणारी मान, ओला पाय. तोल बिघडलेल्या रुग्णाला आज व्यायाम म्हणून जे शिकवतात, त्याचा बराचसा भाग त्या चालण्यात आपसूक होता. आता शेतं बंदराच्या कामी गेली, रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर धडधडत जातात, आणि "पडशील, घरातच बस" असं लेक-सून मायेनेच सांगतात. बसून राहिल्याने पाय आणखी बिचकतात. तिला धरून, सपाट गल्लीत का होईना, रोज चालवायला हवं.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी कागदावर न्याव्यात: चक्कर कशाने येते, किती वेळ टिकते, कानात आवाज येतो का किंवा ऐकू कमी येतं का, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. पण अचानक चक्करेबरोबर जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा उभंच राहवेना, तर कागद राहू द्यावा. तो पक्षाघात असू शकतो. तिथे लिंबूपाण्यात एक मिनिटही घालवू नये, लगेच १०८ ला फोन करावा, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते आल्या माणसाला सांगावं. पुढचे उपचार त्या वेळेवरच ठरतात.