शोभेची दारू पाहायला

"तौबा! पोराला दारू दाखवायला एवढ्या लांब नेतेस?" सासूबाईंनी हातातली तसबीह बाजूला ठेवली.

"शोभेची दारू, अम्मीजान. फटाक्यांची."

"मग तर दुप्पट तौबा!"

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यात एक लग्न झाले. वरातीतले न फुटलेले फटाके दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडले होते. नववीत शिकणाऱ्या आमच्या धाकट्याने ते गोळा केले आणि घरामागे, पऱ्हाटीच्या ढिगाआड बसून उघडले. मोबाइलवर कुणी तरी करताना पाहिले होते म्हणे. मी रोटी भाजत होते. भस्सकन आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळी. भुवया जळाल्या होत्या, उजव्या हाताची दोन बोटे सोलली होती. वाळलेल्या पऱ्हाटीने पेट घेतला नाही, हा अल्लाहचा फजल. नाही तर अख्खी गल्ली गेली असती.

शेजारणी धावल्या. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद. सासूबाईंनी मात्र कुणाचे न ऐकता त्याचा हात नळाखाली धरला आणि वीस मिनिटे हलू दिला नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितले की त्या पाण्यानेच बोटे वाचली.

त्याच्या अब्बांनी मोबाइल काढून घेतला. फटाक्याचे नाव काढायचे नाही, असा हुकूम झाला. पोरगा गप्प झाला. एके दिवशी त्याची वही माझ्या हाती लागली. शेवटच्या पानावर लिहिले होते: लाल – स्ट्रॉन्शियम, हिरवा – बेरियम, निळा – तांबे, पिवळा – सोडियम. खाली एक प्रश्न होता, 'निळा सगळ्यात अवघड का?' मी ती वही कितीदा वाचली. ही नुसती मस्ती नव्हती. पोराला काहीतरी जाणून घ्यायचे होते आणि विचारायला जवळ कुणी नव्हते, म्हणून तो पऱ्हाटीआड जाऊन बसला होता.

मिरजेला माझा भाऊ असतो. फोनवर मी त्याच्याजवळ मन मोकळे केले. तो म्हणाला, "आपा, दसऱ्याच्या आधी त्याला घेऊन ये. कवठे एकंदला जाऊ. तिथली माणसं पिढ्यान्पिढ्या हे करतात. त्याला एकदा बघू दे, हे काम कसं शिकतात ते."

महागावातून जाणारा रस्ता नागपूरहून येतो आणि थेट मिरजेकडे जातो, हे आम्हा गावकऱ्यांच्या कधी ध्यानातही येत नाही. आपल्यासाठी तो उमरखेडचा रस्ता, नाही तर आर्णीचा. त्या दिवशी आम्ही तो पुढपर्यंत पाहिला. दोन्ही बाजूंना कापसाची बोंडे उकलू लागली होती. उमरखेडच्या पुढे पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपून मराठवाडा लागतो. हदगाव, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर. मंगळवेढा-सांगोल्याकडे जमीन बदलली, पिके बदलली. मिरज आले तेव्हा रात्र झाली होती.

सकाळी भाऊ आम्हाला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर घेऊन गेला आणि तिथून सतारमेकरांच्या गल्लीत. मिरजेची सतार आणि तंबोरा जगभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वाद्ये करणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे तलवारी आणि भाल्यांना धार लावणाऱ्यांची. एका दुकानात एक म्हातारे चाचा मंगळवेढ्याकडचा वाळलेला भोपळा घासत बसले होते. त्यांच्याजवळ बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. धाकट्याने विचारले, "हा काय शिकतो?" चाचा म्हणाले, "अजून काही नाही. बसायला शिकतो."

त्या वाक्याचा अर्थ दुपारी कळला.

कवठे एकंद हे सांगली–तासगाव रस्त्यावरचे, तासगाव तालुक्यातले गाव. सिद्धराज हे तिथले ग्रामदैवत. दसऱ्याच्या रात्री त्यांची पालखी निघते आणि तिच्या वाटेवर गावकरी आतषबाजी करतात. ती विकत आणलेली नसते. गावातली मंडळे ती स्वतः तयार करतात. शेतकरी, दुकानदार, नोकरदार, कॉलेजची पोरे दिवसाची कामे आटोपून दसऱ्याआधी कित्येक दिवस यात गुंततात. हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नाही, हौस आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यात फटाक्यांचे कारखाने आहेत, तिथे या कामावर चूल पेटते. इथे मात्र घरचे पैसे घालून माणसे वर्षाची एक रात्र उजळतात.

भावाच्या ओळखीच्या एका आजोबांनी आमचे स्वागत केले. चहा झाला. मग त्यांनी धाकट्याची बोटे हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, "एकटा होतास?"

"हो."

"म्हणून भाजलास."

ते रागावले नाहीत, समजूतही घालत बसले नाहीत. दारूचे काम चालते तिथे त्याला पाऊलही टाकू दिले नाही. समोरच्या पडवीत बसवले आणि पुढ्यात कागद, खळ आणि एक गोल दांडकी ठेवली. कागदाला खळ लावायची, दांडकीवर घट्ट गुंडाळायचा, नळी काढून सावलीत वाळवायची. जवळ चार-पाच मुले तेच करत होती. धाकट्याच्या पहिल्या तीन नळ्या आजोबांनी बोटाने दाबून बाजूला टाकल्या. चौथी पाहून म्हणाले, "ही बरी."

तासाभराने त्याने धीर करून विचारले, "दारू कधी भरायची?"

सगळी मुले हसली. एक जण म्हणाला, "मी तीन वर्षं कागदच करतोय."

मग आजोबा बोलले. नळी सैल असली की आग पाहिजे तिकडे जात नाही, नको तिकडे फुटते. ओलावा राहिला की दगा. अंगावर टेरीकॉट नको, सुती कपडा हवा. लोखंडाची वस्तू जवळ नको, ठिणगी उडते. एका जागी ढीग नको, माणसांची गर्दी नको. आणि न पेटलेल्या वस्तूजवळ कधी वाकून बघायचे नाही. हे सांगताना प्रत्येक नियमामागे त्यांच्याकडे एक माणूस होता. कुणाचा डोळा, कुणाचा हात. नावे त्यांनी हळू आवाजात घेतली. मे २०१५ मध्ये गावाजवळच्या फटाका कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगार गेले. त्याचा विषय निघाला तेव्हा पडवीतले कागदाचे काम आपोआप थांबले.

"पोरगं चुकलं तर शेजारचा ओरडतो," आजोबा म्हणाले. "एकट्याला ओरडायला कुणी नसतं. आणि आम्ही इतके जण असूनही आग कधी कधी ऐकत नाही. मग एकट्याची काय कथा?"

परतताना भावाने गाडीत या विद्येचा इतिहास काढला. सासूबाईंना सांगायला मला एक गोष्ट सापडली. फारसीत 'दारू' म्हणजे औषध, आणि बंदुकीच्या पुडीलाही तोच शब्द लागला. आतिशबाजी हा शब्दही तिकडचाच, आतिश म्हणजे आग. सोरा मूळचा चिनी विद्येतला, म्हणून अरब हकीम इब्न अल-बैतार यांच्या ग्रंथात, तेराव्या शतकात, त्याला 'चीनचे बर्फ' म्हटले आहे. त्याच शतकात, १२८० च्या सुमारास, शामच्या हसन अल-रम्माह यांनी सोरा शुद्ध कसा करायचा ते लिहून ठेवले. पण ही विद्या आपल्याला वाडवडिलांकडून आणि उस्तादांकडून मिळाली, असे त्यांच्या ग्रंथातच नोंदले आहे. ग्रंथ लिहिणाराही कुणाच्या तरी शेजारी बसूनच शिकला होता.

दख्खनमध्ये ही कला फार जुनी. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातील भारतीय आतषबाजीचा इतिहासच लिहिला. विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाने १६०९ मध्ये आपल्या एका सरदाराच्या मुलीचे लग्न मलिक अंबरच्या मुलाशी लावून दिले, तेव्हा नुसत्या आतषबाजीवर ८० हजार रुपये उडाले. आपले उलमा शबे-बरातच्या फटाक्यांना फिजूलखर्ची म्हणतात, त्याचे मूळ कुठवर जाते पाहा! शिवकाशीची गोष्ट मात्र मला जास्त भावली. १९२३ मध्ये तिथले दोन चुलत भाऊ, अय्या नाडर आणि षण्मुग नाडर, कलकत्त्याला गेले, काड्यापेटीच्या कारखान्यात काही महिने राहून काम शिकले आणि गावी परतले. आजचा तो सगळा उद्योग त्यातून उभा राहिला.

दसऱ्याची रात्र आम्ही एका ओळखीच्या घराच्या गच्चीवरून, लांबूनच पाहिली. पालखी आमच्या श्रद्धेची नव्हती, पण त्या रात्री गावात कुणी आम्हाला परके मानले नाही. पाहुणे म्हणून आधी पाणी आले, मग जेवणाचा आग्रह. औट सूं करत वर गेले आणि आभाळात उमलले. पोखरलेल्या लाकडात दारू ठासलेल्या शिंगटांतून ठिणग्यांचे झाड उभे राहिले. धूर इतका की समोरचे घर दिसेना. माझा डोळा मात्र आभाळाकडे नव्हता, मुलाकडे होता. मोठा आवाज झाला की तो जळलेली बोटे मुठीत घ्यायचा, आणि रंग दिसला की मूठ उघडायचा.

एकदा निळसर उजेड पडला. तो पुटपुटला, "तांबं."

धूर पाहून मला खोकला आला आणि एक गोष्ट आठवली. आमच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नागपूर आहे. विस्फोटकांचे परवाने आणि सुरक्षा पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय तिथे आहे. 'नीरी' ही पर्यावरण संशोधन संस्थाही तिथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात बेरियमचे क्षार वापरण्यास मनाई केली, त्यानंतर कमी धुराचे हरित फटाके विकसित करण्यात नीरीचा मोठा वाटा होता. मी धाकट्याला हे सांगितले. परवान्याशिवाय फटाके करणे गुन्हा आहे, हेही सांगितले. पण ज्याला आगीचे रंग समजून घ्यायचे आहेत त्याला गुन्हा करायची गरज नाही, नागपूरपर्यंत जाणारा रस्ता आपल्या दारातूनच जातो.

"तिथे जायला काय शिकावं लागतं?" त्याने विचारले.

"आधी बसायला," त्याचे मामू म्हणाले.

घरी आल्यावर त्याच्या अब्बांनी मोबाइल परत दिला, पण एका अटीवर. जे पाहशील ते आमच्यासमोर बसून पाहायचे आणि आम्हाला समजावून सांगायचे. आम्हाला त्यातले अर्धे कळत नाही. तरी आम्ही ऐकतो. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी ती वही दाखवली. आता प्रयोगशाळेत सरांच्या देखरेखीखाली, डोळ्यांवर चष्मा लावून, तो ज्योतीत चिमूटभर मीठ टाकतो आणि पिवळी ज्योत इतर मुलांना दाखवतो. घरी दारूचा कणही नाही, आणि येणारही नाही.

बहिणींनो, आपण मुलांना आगीपासून दूर ठेवतो ते बरोबरच आहे. पण नुसते 'नको' म्हटले की पोर आगीपासून नाही, आपल्यापासून दूर जाते. तुमच्या घरात कुणी काही उघडून, जोडून, जाळून पाहत असेल, तर ओरडण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "तुला काय बघायचंय?" तुम्हाला सांगता येत नसेल, तर ज्याला येते त्याच्याकडे घेऊन जा. त्यासाठी पाचशे किलोमीटर जावे लागले तरी जा.

कवठे एकंदच्या आजोबांनी 'बरी' म्हटलेली ती कागदाची नळी धाकट्याने सोबत आणली. ती रिकामी आहे. सासूबाईंनी दोनदा आत बोट घालून खात्री करून घेतली. तो तिच्यात पेन ठेवतो.