शहा डोंगराच्या माथ्यावरून

भूगोल शिकवीत असता एका विद्यार्थ्याचा प्रश्न मी एकदा दडपला होता. "गुरुजी, आपल्या नगरचे डोंगर माथ्यावर सपाट का?" मला उत्तर ठाऊक नव्हते. "परीक्षेत येत नाही ते विचारू नये," असे म्हणून मी त्यास खाली बसविले.

सेवानिवृत्त झाल्यावर, गेल्या माघात, शहा डोंगर चढलो. नगरहून पाथर्डीच्या वाटेने सुमारे तेरा किलोमीटरांवर बालाघाटाचा हा फाटा आहे. समुद्रसपाटीपासून उंची तीन हजार फुटांच्या आसपास. माथ्यापर्यंत सडक आहे, तथापि मी पायवाट धरली. घरच्या मंडळींनी गुडघ्याची आठवण दिली होती. परंतु दगड वाचावयाचा तर पायीच गेले पाहिजे.

चढणीवर पायऱ्यांसारखे टप्पे लागतात. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर पसरून दख्खनचा हा काळा पाषाण बनला. सच्छिद्र, मऊ थर लवकर झिजतो. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो. माथ्यावर असा घट्ट थर आला की डोंगर सपाट राहतो.

वर पोहोचून सभोवार पाहिले, तो टेकड्यांचे माथे जणू एकाच सुतात! हे डोंगर कोणी खालून उचललेले नव्हेत. मधली भूमी पाण्याने नेली, काही उत्तरेस गोदावरीकडे, काही दक्षिणेस सीनेवाटे भीमेकडे. आणि उरले ते डोंगर. अमरकोशात पर्वतास 'अहार्य' म्हटले आहे, म्हणजे जो हरण करून नेता येत नाही तो. हा शब्द मी कित्येक वर्गांकडून घोकून घेतला होता!

माथ्यावरील तीन मजली अष्टकोनी वास्तूस लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. सहलींत मीही तेच सांगे. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर होय. चांदबिबीने 1595-96 च्या वेढ्यात नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढविला. तिचे नाव एवढे मोठे की दुसऱ्याची कबरही लोकांनी तिलाच देऊन टाकली.

तो विद्यार्थी आता चाळिशीत आहे; करंजी घाटाखाली शेती करतो. उत्तर पत्राने धाडण्याजोगे नाही. चैत्रात त्याजकडे जाईन आणि त्याला घेऊन पुन्हा ही पायवाट चढेन. गुडघ्याचे काय ते तेव्हा पाहू.